पुढचा विषय कुठून आणावा? आशयनिर्मात्यांसाठी कल्पना शोधण्याची कार्यपद्धती

ऑनलाइन लेखन करणाऱ्या, व्हिडिओ किंवा पॉडकास्ट तयार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला काही महिन्यांनी एकच अडचण भेडसावते: ठरलेला दिवस जवळ येतो आणि सांगण्यासारखे काहीच उरले नाही असे वाटू लागते. प्रतिभा आटली, हे त्याचे कारण क्वचितच असते. सुरुवातीच्या काळात आपण अनेक वर्षांच्या वाचनातून आणि कामातून साचलेले ज्ञान खर्च करत असतो. ते साचायला जेवढा काळ लागला त्याच्या मानाने ते फार झपाट्याने संपते आणि साठा पुन्हा भरण्याची कोणतीही सोय आपण केलेली नसते. ही सोय कशी करावी, हे या लेखात सविस्तर पाहू. तिच्या मुळाशी कुणीतरी खरोखर विचारलेला आणि अजून नीट न सुटलेला प्रश्न असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विषयांच्या याद्या कितीही लांब केल्या तरी त्यांतून ताजेपणा येत नाही. तो प्रश्नांच्या नेमकेपणातून येतो.

उदाहरणार्थ, ‘सायकलची देखभाल’ एवढेच टिपून ठेवले तर त्यावर काम सुरू करता येत नाही, कारण त्यात कोणासाठी, कोणत्या प्रसंगी आणि किती खोलात जायचे यांपैकी काहीच ठरलेले नसते. त्याऐवजी ‘पावसात चालवलेल्या सायकलची साखळी दोन दिवसांत गंजू लागते, घरी पोहोचल्यावर लगेच काय केले तर हे टळेल?’ असे लिहिले की साखळी पुसणे, कोरडी करणे, पुन्हा वंगण देणे असा क्रम आपोआप दिसू लागतो. साखळीवरचे वंगण पाण्याने धुऊन निघते हे कारण सांगावे लागेल हेही कळते आणि शेवटी प्रेक्षकाच्या हाती काय पडणार हेही ठरते. म्हणून वहीत नोंद करताना एक साधा नियम पाळावा: कल्पना एका पूर्ण वाक्यात मांडता आली पाहिजे, आणि त्या वाक्यात विचारणारा माणूस, त्याची परिस्थिती आणि त्याची अडचण या तिन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. असे वाक्य होत नसेल तर हाती आलेली गोष्ट अजून कच्ची आहे, असे समजून ती बाजूला ठेवावी.

प्रश्न जिथे आधीच विचारले जात आहेत

सर्वांत जवळचा स्रोत म्हणजे स्वतःच्या आशयाखालील प्रतिक्रिया. त्या वाचताना स्तुती आणि टीका या दोन्हींपेक्षा अटी शोधाव्यात. ‘हे ठीक आहे, पण माझ्याकडे जुने मॉडेल आहे’, ‘मी डावखुरा आहे, मला हे कसे जमेल?’, ‘लहान मूल सोबत असताना हे करता येईल का?’ अशा वाक्यांत ‘पण’ नंतर येणारा भाग बहुधा स्वतंत्र लेखाचे किंवा व्हिडिओचे बीज असतो. तुमच्याआधी दुसऱ्याच एखाद्या प्रेक्षकाने उत्तर दिले असेल आणि ते चुकीचे किंवा अर्धवट असेल, तर त्या ठिकाणी तर थांबायलाच हवे. तीच चुकीची समजूत इतर अनेकांच्या मनातही असण्याची शक्यता असते. प्रश्न टिपताना त्याची भाषा सुधारू नये. विचारणाऱ्याने तांत्रिक संज्ञा वापरली नसेल तर त्याच्या मनातले शब्द कोणते, हे आपल्याला त्यातूनच समजते. पुढे शीर्षक देताना तेच शब्द उपयोगी पडतात.

प्रतिक्रियांइतकीच बोलकी असते ती आकडेवारी, मात्र तिचे नेमके कोपरे पाहावे लागतात. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओखाली प्रेक्षक किती वेळ टिकले याचा आलेख मिळतो. या आलेखात मध्येच उंचवटा दिसत असेल तर तो भाग लोक पुन्हा पाहत आहेत, इतरांना पाठवत आहेत किंवा थेट तिथेच येत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. खळगा दिसत असेल तर तो भाग ओलांडून जात आहेत किंवा तिथून निघून जात आहेत. उंचवट्याचा क्षण उघडून पाहावा. तिथे एखादी गुंतागुंतीची पायरी फार घाईने उरकली असेल, तर तेवढ्या पायरीवर स्वतंत्र व्हिडिओ करण्याची मागणी प्रेक्षकांनी न बोलता नोंदवलेली असते. त्याच ठिकाणी, प्रेक्षक कोठून आले या विभागात, यूट्यूबवरील शोधातून आलेल्यांनी कोणते शब्द टाइप केले होते तेही दिसते.

स्वतःचे संकेतस्थळ असणाऱ्यांसाठी गूगल सर्च कन्सोल हे विनामूल्य साधन याहून अधिक उपयुक्त आहे, असे मला वाटते. तुमचे पान कोणत्या शोधांसाठी निकालांत दिसले, किती वेळा दिसले आणि त्यावर किती जणांनी क्लिक केले, याची १६ महिन्यांपर्यंतची नोंद त्यात पाहता येते. या नोंदींत इंप्रेशन (म्हणजे निकालांत दिसण्याची संख्या) भरपूर आणि क्लिक अगदी थोडे असे शोध वेगळे काढावेत. त्यांपैकी काही ठिकाणी पान निकालांत फार खाली असल्यामुळे क्लिक मिळत नसतील, ते सोडून द्यावे. उरलेल्या ठिकाणी मात्र गूगलला तुमचे पान त्या प्रश्नाशी संबंधित वाटते, पण शोधणाऱ्याला ते आपले उत्तर वाटत नाही, असा प्रकार असतो. म्हणजे प्रश्न तुमच्या क्षेत्रातला आहे, त्याला मागणी आहे, आणि तुम्ही त्याचे थेट उत्तर अजून दिलेले नाही. यापेक्षा स्वच्छ संकेत दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

ज्यांच्याकडे अजून प्रेक्षकही नाहीत आणि आकडेवारीही नाही, त्यांनी शोधयंत्राच्या सूचनांपासून सुरुवात करावी. आपल्या क्षेत्रातला शब्द टाइप करून त्यापुढे ‘का’, ‘कसे’, ‘शिवाय’, ‘ऐवजी’, ‘आधी’, ‘होत नाही’ असे शब्द एकेक करून जोडत गेले की प्रत्येक वेळी सूचनांची नवी यादी उघडते. ‘शिवाय’ आणि ‘होत नाही’ हे दोन शब्द मला विशेष फलदायी वाटतात. पहिल्यातून लोकांच्या मर्यादा समजतात आणि दुसऱ्यातून ते नेमके कुठे अडले आहेत ते समजते. एकाहून अधिक भाषा येत असतील तर हाच प्रयोग प्रत्येक भाषेत करावा. एका भाषेत ज्या प्रश्नावर उत्तरांचा ढीग आहे, त्याच प्रश्नावर दुसऱ्या भाषेत धड एकही उत्तर नाही, असे वारंवार आढळते.

एखाद्या शब्दाच्या शोधांत काळानुसार होणारे चढउतार दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचा उपयोग बरेच जण करतात, पण त्यातील आकडे चुकीचे वाचले जातात. तिथे दिसणारी ० ते १०० ही मोजपट्टी शोधांची संख्या दाखवत नाही. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाविषयीचे स्वारस्य ज्या क्षणी सर्वाधिक होते त्याला १०० मानून बाकीचे आकडे त्या तुलनेत दिलेले असतात. त्यामुळे अत्यंत कमी शोधला जाणारा शब्दही १०० वर पोहोचलेला दिसू शकतो. ‘ब्रेकआउट’ असा शिक्का असलेला शोध ५,००० टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो. हा आकडा डोळे दिपवणारा असला तरी मूळ संख्या नगण्य असेल तर अशी वाढ सहज होते. वेबवरील शोधांची माहिती तिथे २००४ पासूनची आणि यूट्यूबवरील शोधांची २००८ पासूनची आहे, आणि या दोन्हींत अदलाबदल करण्याची सोय आहे. व्हिडिओ करणाऱ्यांनी यूट्यूबचा पर्याय निवडायला विसरू नये.

या साधनाचा खरा लाभ आज काय गाजते आहे हे पाहण्यात नाही, कारण आपण काम पूर्ण करेपर्यंत तिथे गर्दी झालेली असते. पाच वर्षांचा आलेख काढून दरवर्षी त्याच सुमारास येणारे चढ शोधावेत आणि त्याआधी काही आठवडे आपला आशय तयार ठेवावा. काही घटना तर कित्येक वर्षे आधीपासून ठरलेल्या असतात. २ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहण आहे, आणि ग्रहणाचे छायाचित्रण, डोळ्यांचे संरक्षण, ग्रहण ठरावीक पट्ट्यातूनच का दिसते, या प्रश्नांना त्या सुमारास मागणी येणार हे सांगायला कोणत्याही साधनाची गरज नाही. अशा तारखांची स्वतंत्र यादी ठेवणारा माणूस वर्षातले निदान काही आठवडे तरी निर्धास्त असतो.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्यावी. गूगलनेच वेळोवेळी सांगितल्याप्रमाणे, दररोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीही झालेले नसतात. सूचना, आलेख आणि शब्दसंशोधनाची साधने ही सर्व भूतकाळावर आधारलेली आहेत. आज पहिल्यांदाच विचारला जाणारा प्रश्न त्यांत दिसू शकत नाही. तो माणसांशी बोलूनच कळतो. आपल्या क्षेत्रात नुकताच पाऊल टाकणारा एखादा ओळखीचा माणूस असेल तर त्याला समोर बसवून एखादे काम करू द्यावे आणि आपण मध्ये न बोलता तो कुठे थबकतो ते पाहावे. अनुभवी माणसाला ज्या पायऱ्या अंगवळणी पडल्यामुळे दिसेनाशा झालेल्या असतात, त्या या निरीक्षणात एकेक करून पुन्हा दिसू लागतात.

मूळ साधनांकडे जाणे

आपल्याच क्षेत्रातील इतर निर्मात्यांचे काम पाहून कल्पना मिळवण्याची सवय सोपी आहे आणि मर्यादित प्रमाणात आवश्यकही आहे, कारण काय सांगून झाले आहे हे माहीत असावे लागते. पण सर्वजण एकमेकांकडेच पाहत राहिले तर तेच दाखले, तीच क्रमवारी आणि बऱ्याचदा त्याच चुका फिरत राहतात. त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे सर्वजण ज्याचा गोषवारा सांगत आहेत ते मूळ साधन स्वतः वाचणे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जिभेचे टोक गोड चव ओळखते, मागचा भाग कडू, असा नकाशा असंख्य पाठ्यपुस्तकांत छापला गेला. त्याचा माग काढत गेले की आपण १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन शोधनिबंधापर्यंत पोहोचतो. डी. पी. हॅनिग या संशोधकाने त्यात जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेतील लहानसे फरक नोंदवले होते. पुढच्या मांडण्यांमध्ये या लहान फरकांना पक्क्या सीमा प्राप्त झाल्या आणि प्रत्येक चवीला जिभेवर स्वतंत्र इलाखा मिळाला. प्रत्यक्षात चव ओळखणारे जिभेचे सर्व भाग सर्व मूलभूत चवी ओळखू शकतात. ज्याने मूळ निबंधाची दखल घेतली त्याला ‘ही समजूत चुकीची आहे’ एवढेच सांगून थांबावे लागत नाही. ती चुकीची कशी झाली, ही त्याहून कितीतरी रंजक हकिगत त्याच्या हाती लागते. प्रत्येक क्षेत्रात अशा पाच-दहा ‘सर्वांना माहीत असलेल्या’ गोष्टी असतात. त्यांची यादी करून एकेकीचे मूळ शोधणे हा दीर्घकाळ पुरणारा उद्योग आहे.

मूळ साधने शोधण्यासाठी आता घराबाहेर पडावे लागत नाही. शोधनिबंधांसाठी गूगल स्कॉलर आहे. जुनी पुस्तके, नियतकालिके आणि नाहीशी झालेली वेबपाने यांसाठी १९९६ मध्ये स्थापन झालेले इंटरनेट आर्काइव्ह आहे. विकिपीडियाच्या लेखांतील मजकुरापेक्षा त्यांच्या तळाशी असलेली संदर्भसूची आणि लेखामागचे चर्चापान ही दोन ठिकाणे आपल्या कामाची आहेत, कारण संपादकांचे वाद जिथे रंगतात तिथे वाचकांच्याही शंका असतात. वस्तूंविषयी लिहिणाऱ्यांनी पेटंटची कागदपत्रे वाचावीत, असे मी आग्रहाने सांगेन. पेटंटच्या वर्णनात बहुधा सुरुवातीलाच आधीच्या पद्धतींमध्ये काय अडचण होती याचा उल्लेख असतो, आणि ती अडचण म्हणजेच आपल्याला हवा असलेला प्रश्न. उपकरणासोबत येणारी माहितीपुस्तिकाही याच कारणासाठी वाचण्यासारखी असते. ती फारसे कुणी वाचत नाही, ही आपल्या दृष्टीने जमेची बाजू समजावी.

जोड्या लावण्याचा तक्ता

प्रश्नही जमले, वाचनही चालू आहे, तरी सर्व कल्पना एकाच साच्यातल्या वाटतात अशी अवस्था कधी कधी येते. अशा वेळी फ्रिट्झ झ्विकी या स्विस खगोलशास्त्रज्ञाच्या नावाशी जोडलेली एक पद्धत कामी येते. हा तोच शास्त्रज्ञ, ज्याने १९३३ मध्ये कोमा दीर्घिका-समूहाचा अभ्यास करताना तिथे न दिसणारे बरेच वस्तुमान असले पाहिजे असे मांडले होते. एखाद्या समस्येचे स्वतंत्र पैलू वेगळे करावेत, प्रत्येक पैलूचे सर्व पर्याय लिहावेत आणि मग त्यांच्या सर्व जोड्या तपासाव्यात, विचित्र वाटणाऱ्या जोड्याही वगळू नयेत, अशी ही पद्धत आहे.

आशयनिर्मितीसाठी तीन रकाने पुरेसे आहेत: कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या स्वरूपात. छायाचित्रण हे क्षेत्र घेतले तर पहिल्या रकान्यात फक्त फोन असलेला नवशिका, चष्मा लावणारी व्यक्ती, हात थरथरणारी वयस्कर व्यक्ती, लहान मुलांचे पालक, जुना फिल्म कॅमेरा सापडलेला तरुण असे पाच जण येतील. दुसऱ्या रकान्यात मंद प्रकाश, वेगाने हलणारी वस्तू, काचेपलीकडचे दृश्य, व्ह्यूफाइंडरमधून (कॅमेऱ्याला डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतून) पाहणे, प्रवास आणि पाऊस अशा सहा परिस्थिती येतील. तिसऱ्यात क्रमवार कृती, दोषनिदान, तुलना आणि इतिहास अशी चार स्वरूपे ठेवावीत. या तीन रकान्यांतूनच १२० जोड्या तयार होतात. त्यांतल्या बहुतेक निरर्थक असतील आणि त्याने बिघडत नाही. पण ‘चष्मा लावणारी व्यक्ती, व्ह्यूफाइंडर, दोषनिदान’ या जोडीपाशी आपण अडखळतो. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरजवळ डायऑप्टर, म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेनुसार दृश्याची स्पष्टता, जुळवण्याचे छोटे चाक असते. ते चुकून फिरले की समोरचे दृश्य अस्पष्ट दिसते, फोकस बिघडला आहे असा समज होतो, आणि काढलेले छायाचित्र मात्र स्पष्ट येते. ही अडचण अनेकांना येते, तिचे उत्तर दोन मिनिटांत देता येते, आणि ‘छायाचित्रणाच्या दहा युक्त्या’ या ठरावीक वाटेने जाणाऱ्याला ती कधीच सुचली नसती.

रकान्यांमध्ये काय लिहायचे हे मात्र आधीच्या टप्प्यात जमवलेल्या प्रश्नांवरून ठरवावे. कल्पनेतले वाचक आणि कल्पनेतल्या अडचणी भरल्या तर तक्ता भरगच्च दिसतो आणि हाती काही लागत नाही.

विचार करायला बसताना

गटात बसून मोकळेपणाने कल्पना मांडण्याची पद्धत अमेरिकी जाहिरात-व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय केली आणि आजही अनेक चमू तिच्यावरच विसंबून असतात. येल विद्यापीठातील संशोधकांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र असे आढळले की एकत्र बसलेल्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्यांची संख्या अधिक भरते. पुढे १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्याचे एक महत्त्वाचे कारण दाखवून दिले: गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांच्या डोक्यातले विचार थांबतात किंवा विसरले जातात. दोघे-तिघे मिळून वाहिनी चालवत असाल तर आधी प्रत्येकाने एकट्याने लेखी यादी करावी आणि मगच एकत्र बसावे. एकत्र बसण्याचा उपयोग निवड करण्यासाठी होतो.

एकट्याने यादी करतानाही लवकर थांबू नये. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये नोंदवलेले आणि नंतरच्या अभ्यासांतही पुन्हा दिसलेले निरीक्षण असे आहे की कल्पनांच्या ओघात पुढे पुढे येणाऱ्या कल्पना अधिक अनोख्या असतात. सुरुवातीला सुचणाऱ्या गोष्टी सर्वांनाच सुचणाऱ्या असतात. म्हणून एका प्रश्नावर वीस शीर्षके लिहायची असे ठरवले तर सातव्या-आठव्या शीर्षकापाशी येणारा कंटाळा ही थांबण्याची खूण मानू नये. कामाचा माल बहुधा त्यापुढे असतो. बसून काही होत नसेल तर उठून चालावे. स्टॅनफर्डमधील मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या अभ्यासात चालताना सहभागींची सर्जनशील निर्मिती बसलेल्या स्थितीच्या तुलनेत सरासरी ६० टक्क्यांनी वाढलेली आढळली. एकच अचूक उत्तर काढण्याच्या कामात मात्र चालण्याचा असा लाभ दिसला नाही. तेव्हा शीर्षके आणि दृष्टिकोन शोधताना चालावे, आणि आकडे तपासताना निमूटपणे टेबलाशी बसावे.

एआयवर आधारित संवादसाधनांचा प्रश्न इथे येतोच. एखाद्या विषयावर वीस कल्पना मागितल्या तर त्या काही क्षणांत मिळतात आणि पहिल्या वाचनात बऱ्याही वाटतात. पण तोच प्रश्न विचारणाऱ्या इतरांनाही साधारण तशीच यादी मिळते. सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या लघुकथांना वाचकांनी एकेकट्या पाहता अधिक सर्जनशील ठरवले, परंतु त्या कथा एकमेकींशी अधिक मिळत्याजुळत्या निघाल्या. ताज्या कल्पनांच्या शोधात असणाऱ्यासाठी ही गोष्ट निर्णायक आहे. माझ्या मते या साधनाचा चांगला उपयोग उलट्या बाजूने होतो: त्याने दिलेली यादी ‘हे टाळावे’ म्हणून समोर ठेवावी, किंवा आपल्या मसुद्यावर अगदी नवख्या माणसाला कोणत्या शंका येतील ते त्याला विचारावे. त्याने सांगितलेली वस्तुस्थिती स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.

टिपणे कशी ठेवावीत

निकलस लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे ९०,००० टिपणपत्रे तयार केली आणि त्यांच्या आधारे सत्तरहून अधिक पुस्तके व शेकडो लेख लिहिले. त्यांच्या पद्धतीचे आज अनेक अ‍ॅपमध्ये अनुकरण होते, आणि बरेच जण अ‍ॅप सजवण्यातच महिने घालवतात. आपल्याला त्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे: टिपणांची विभागणी विषयवार कप्प्यांत करण्यावर लूमान यांचा भर नव्हता, प्रत्येक पत्राला क्रमांक देऊन ते इतर कोणत्या पत्रांशी जोडलेले आहे याची नोंद ते करत असत. नवा प्रश्न टिपताना जुन्या कोणत्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे एवढे लिहिले तरी काही महिन्यांत तीन-चार टिपणांचे पुंजके आपोआप तयार होतात, आणि अशा एका पुंजक्यातून पूर्ण मालिका उभी राहते.

साधन कोणतेही चालेल, साधी वहीसुद्धा. नोंदीत विचारणाऱ्याचे शब्द, तो प्रश्न कुठे आढळला ते, आणि त्या क्षणी आपल्याला तो का महत्त्वाचा वाटला याचे एक वाक्य असावे. हे शेवटचे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि महिन्याभराने ‘झोप’ किंवा ‘साखळी, पाऊस’ अशी नोंद समोर आली की तिचा अर्थच लागत नाही. आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी सर्व नोंदी चाळाव्यात. न चाळलेली वही आणि नसलेली वही यांत व्यवहारात काहीही फरक नसतो.

निवड, उसनवारी आणि जुने काम

यादीतला प्रत्येक प्रश्न काम करण्याच्या लायकीचा नसतो. निवडलेल्या प्रश्नावर सध्या वरच्या क्रमांकावर असलेली पाच-सहा उत्तरे पूर्ण वाचावीत किंवा पाहावीत आणि त्यांत काय नाही ते लिहून काढावे. कुणीही प्रत्यक्ष मोजमाप केलेले नसेल, सर्वांनी एकच परिस्थिती गृहीत धरली असेल, उत्तर जुने झाले असेल, किंवा कृती सांगितली पण ती फसली तर काय करायचे हे सांगितले नसेल, तर तिथे जागा आहे. ती जागा भरण्याची साधने आपल्याकडे आहेत का, हेही प्रामाणिकपणे पाहावे. दहा उपकरणांची तुलना करण्याची कल्पना कितीही चांगली असली तरी हाताशी दोनच उपकरणे असतील तर ती बाजूला ठेवणे इष्ट. उपलब्ध उत्तरे खरोखरच पुरेशी असतील तर तो प्रश्न सोडून द्यावा. अकरावे उत्तर कुणालाच नको असते.

दुसऱ्याच्या कामातून कल्पना घेणे कितपत योग्य, ही शंका अनेकांना छळते. कायद्याच्या दृष्टीने बौद्धिक संपदेविषयीच्या १९९४ च्या ट्रिप्स करारातील नवव्या कलमात हे स्पष्ट आहे की कॉपीराइटचे संरक्षण अभिव्यक्तीला मिळते; कल्पना, कार्यपद्धती आणि गणिती संकल्पना यांना मिळत नाही. म्हणजे तोच प्रश्न हाताळायला हरकत नाही, मात्र त्याची वाक्ये, दृश्ये, आकृत्या किंवा मांडणीचा तपशील उचलता येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर इतरांना वापरू दिलेले, साहित्य वापरायचे असेल तर त्या विशिष्ट परवान्याच्या अटी वाचाव्यात, कारण काहींमध्ये व्यावसायिक वापराला किंवा बदल करण्याला मनाई असते. कायद्यापलीकडे एक शिष्टाचारही आहे: ज्याच्या कामामुळे प्रश्न सुचला त्याचे नाव घ्यावे. उसनवारी करायचीच असेल तर ती दूरच्या क्षेत्रातून करावी. विमान अपघातांच्या चौकशी-अहवालांमध्ये घटनाक्रम, साहाय्यभूत कारणे आणि शिफारशी अशी मांडणी असते. तीच मांडणी फसलेल्या विणकामाच्या किंवा बिघडलेल्या स्प्रेडशीटच्या विश्लेषणाला लावली तर ओळखीचा विषयही नवा दिसतो.

स्वतःचे जुने काम हाही स्रोतच आहे आणि तो उगाच कमी लेखला जातो. जुना लेख उघडून त्यात एका वाक्यात उरकलेले मुद्दे अधोरेखित करावेत. त्यांतले काही स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचे असतात. नवख्यांसाठी लिहिलेले अनुभवी लोकांसाठी लिहून पाहावे, आणि उलटही. आपले मत बदलले असेल तर ते का बदलले यावर लिहावे, कारण जुन्या वाचकाला ते वाचण्यात खरा रस असतो.

शेवटी, प्रसिद्ध केलेली कल्पना चालली नाही तर ती खोडून टाकण्याआधी नेमके काय फसले ते तपासावे. यूट्यूबच्या मार्गदर्शनानुसार तिथल्या निम्म्या वाहिन्यांचा आणि व्हिडिओंचा इंप्रेशनवरील क्लिकचा दर २ ते १० टक्के या दरम्यान असतो. तुमचा दर याहून बराच कमी असेल आणि जे आले ते मात्र शेवटपर्यंत टिकले असतील, तर दोष शीर्षकाचा किंवा थंबनेलचा आहे आणि ते बदलून पाहता येते. क्लिक भरपूर आहेत पण पहिल्या अर्ध्या मिनिटातच लोक निघून गेले, तर शीर्षकाने दिलेला शब्द सुरुवातीने पाळला नाही. व्हिडिओ फारच थोड्या लोकांसमोर आला असेल तर कल्पनेविषयी अजून काहीच ठरवता येत नाही. तो प्रश्न वहीत परत लिहून त्यासमोर तारीख टाकावी आणि काही महिन्यांनी त्यावर वेगळ्या स्वरूपात पुन्हा काम करावे.